कलकत्त्याच्या धक्क्यावरून दिसलेली अमेरिका

अमेरिकेच्या इतिहासातील दोन चित्रे आपल्या सुशिक्षितांच्या ठायी कायमची कोरलेली असतात. एक, बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवून इंग्रजांचे जोखड झुगारून देणाऱ्या वसाहतींचे. आणि दुसरे, हिरोशिमावर अणुबाँब टाकून दुसरे महायुद्ध संपविणाऱ्या महासत्तेचे. पहिल्या चित्राचे दुसऱ्या चित्रात रूपांतर कसे झाले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ते स्थित्यंतर मुख्यतः १८९८ ते १९४५ या अर्धशतकात घडले, आणि त्याचे धागेदोरे हुगळीच्या काठी, आम्हां मराठी चाकरमान्यांच्या नित्य येण्याजाण्याच्या वाटांवर विखुरलेले आहेत. त्या धाग्यांत दोन मराठी माणसांची आयुष्येही गुंतलेली आहेत. महाराष्ट्रात त्यांची नावे थोडीफार घेतली जातात. कलकत्त्याशी व अमेरिकेशी जोडून ती फारशी घेतली जात नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिका आणि कलकत्ता यांचा संबंध तसा जुना. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९२ साली बेंजामिन जॉय या गृहस्थांस कलकत्त्याचे वकील म्हणून नेमले. ते १७९४ मध्ये येथे पोहोचले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांचे वकीलपद मान्य करण्याचे नाकारले. व्यापारी म्हणून राहावयाचे असेल तर राहा, एवढीच मोकळीक दिली. पुढे १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरविते झाले. त्या काळची अमेरिका आपल्या लोकांस ठाऊक होती ती अशी, बर्फ आणणाऱ्या व्यापाऱ्यांची. तिचे दुसरे रूप एका मराठी मुलीने पाहिले. पोस्ट खात्यातील बदलीमुळे श्रीरामपुरास आलेल्या गोपाळराव जोश्यांची पत्नी आनंदीबाई १८८३ मध्ये याच बंदरातून पतीविना अमेरिकेस गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवीधर झाली. एका बदलीच्या कारकुनाच्या घरातून ही गोष्ट घडली, याचे आमच्यासारख्यांस विशेष अगत्य वाटल्यास नवल नाही. आनंदीबाईंनी पाहिलेली अमेरिका ही ज्ञानदात्री होती. पण बारा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्या देशाने वेगळी वाट धरली.

त्या वर्षाच्या फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात ‘मेन’ नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. क्यूबातील लोक स्पेनच्या राज्याविरुद्ध लढतच होते. त्यांना साह्य करावयाचे या घोषणेने अमेरिकेने स्पेनशी युद्ध पुकारले. क्यूबासाठी पुकारलेल्या या युद्धातील पहिली मोठी लढाई मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला झाली. १ मे रोजी ड्यूई या नौसेनाधिकाऱ्याने मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार बुडविले. डिसेंबरमधील पॅरिसच्या तहाने पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाईन्स अमेरिकेच्या हाती आले. फिलिपाईन्सबद्दल स्पेनला २ कोटी डॉलर मोजून देण्यात आले. हवाई बेटे त्याच उन्हाळ्यात खालसा झाली होती.

फिलिपिनो लोकांना या व्यवहारात कोणी विचारलेच नव्हते. त्यांचा नेता एमिलिओ आगिनाल्डो याने जून १८९८ मध्येच स्वातंत्र्याची घोषणा केली होती. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकन फौज आणि फिलिपिनो यांच्यात लढाई जुंपली, ती १९०२ पर्यंत चालली. लढाई, उपासमार व रोगराई यांत मेलेल्या रयतेची गणती लक्षांत होते. जे राष्ट्र इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड करून जन्मास आले, त्यानेच दुसऱ्याचे बंड मोडण्यासाठी समुद्रापार सैन्य धाडावे, हा विरोध खुद्द अमेरिकेतही अनेकांस बोचला. साम्राज्यविरोधी संघ तेथे स्थापन झाला आणि मार्क ट्वेनसारखा लेखक मृत्यूपर्यंत त्याचा उपाध्यक्ष राहिला. उलट, मुंबईस जन्मलेल्या किप्लिंगने १८९९ मध्ये गोऱ्यांच्या ओझ्याचे आपले प्रसिद्ध काव्य लिहिले ते अमेरिकेस उद्देशूनच. इंग्रजांना हिंदुस्थानात जे करावे लागते ते आता तुम्हीही करा, असा त्याचा आशय होता. साम्राज्य चालविणाऱ्यांस आपल्या पंगतीला नवा भिडू आला याचा आनंद झाला असल्यास तो स्वाभाविकच म्हणावयाचा.

या पंगतीचा एक परिणाम मात्र कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. मनिला अमेरिकेच्या ताब्यात आल्यामुळे पॅसिफिक महासागर हा एक राजरस्ता बनला. हाँगकाँग, शांघाय, मनिला येथे पहारेकरी व शिपाई म्हणून राहिलेले पंजाबी लोक त्या वाटेने कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन या राज्यांकडे जाऊ लागले. लाकडाच्या गिरण्या, लोहमार्ग आणि फळबागा येथे त्यांना मजुरी मिळे. परंतु त्यांच्या कामाची गरज असली तरी त्यांची संगत गोऱ्या मजुरांस नको होती. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात जमावाने शेकडो हिंदी मजुरांना मारपीट करून गावाबाहेर हाकलले. मनिलामार्गे येणारास आरंभी जी थोडी सवलत मिळे, तीही १९१३ च्या सुमारास बंद झाली. या लोकांपैकी पुष्कळ जण इंग्रजांच्या फौजेत इमानाने चाकरी केलेले होते. परदेशात आपली गणना गुलामांत होते, आणि आपल्यासाठी भांडणारे सरकार आपल्याला नाही, हे त्यांना अमेरिकेत उमगले. तेथील शाळांतून आणि भाषणांतून स्वातंत्र्याची जी थोरवी कानी पडे, तिने या उमजाला धार चढविली.

येथेच वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोज्यांचा प्रवेश होतो. टिळकांच्या प्रेरणेने स्वातंत्र्यकार्याकडे ओढलेला हा तरुण शतकाच्या पहिल्या दशकातच अमेरिकेस पोहोचला. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत त्यांनी शेतीशास्त्राचे अध्ययन केले आणि त्याबरोबरच सैनिकी शाळेतही शिक्षण घेतले. ओरेगॉनमधील पंजाबी मजुरांत राहून त्यांनी बांधलेली संघटना पुढे गदर चळवळीच्या पायातील एक चिरा ठरली. १९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांचा संघ स्थापन झाला. सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ चिटणीस झाले, आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. जेथून तो निघाला त्या घराला ‘युगांतर आश्रम’ असे नाव होते. कलकत्त्यात १९०६ साली निघालेल्या आणि इंग्रज सरकारने बंद पाडलेल्या ‘युगांतर’ पत्राची ही आठवण कॅलिफोर्नियात जागी ठेवलेली होती.

दुसरे मराठी नाव विष्णु गणेश पिंगळे यांचे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे हे त्यांचे गाव. १९११ साली ते अमेरिकेस गेले आणि सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकू लागले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटताच गदरच्या लोकांनी स्वदेशी परतून बंड उभारण्याची हाक दिली, आणि हजारो माणसे आपल्या मजुरीची पुंजी मोडून जहाजांवर चढली. पिंगळे यांनीही अभ्यास टाकला.

परतणारांचे कलकत्त्यात कसे स्वागत होत होते, हे त्यापूर्वीच दिसून चुकले होते. ‘कोमागाता मारू’ या जहाजातून ३७६ प्रवासी कॅनडास गेले होते. व्हँकूवरच्या अधिकाऱ्यांनी बहुतेकांस किनाऱ्यावर पाऊलही ठेवू न देता परत पाठविले. ते जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी कलकत्त्याखाली हुगळीवरील बजबज येथे आले. उतारूंना सक्तीने गाडीत घालून पंजाबास धाडण्याचा सरकारचा बेत होता. त्यांनी नकार दिला, झटापट झाली आणि गोळीबारात सुमारे २० जण मृत्युमुखी पडले. बजबजचे हे स्मारक आजही तेथे उभे आहे. वाचकांनी हे गाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

अशा पहाऱ्यातून नोव्हेंबर १९१४ च्या मध्यास ‘सालामिस’ जहाजाने सत्येंद्रनाथ सेन यांजबरोबर पिंगळे कलकत्त्यास उतरले. येथे ते जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजेच बाघा जतीन, यांना भेटले. तेथून काशीस रासबिहारी बोस यांजकडे, आणि मग शचींद्रनाथ संन्याल यांच्याबरोबर पंजाबात. पंजाबातील गदरवाल्यांपाशी माणसे होती, पण संघटनेचा व गुप्त कामाचा अनुभव नव्हता; बंगालच्या क्रांतिकारकांपाशी तो अनुभव होता, पण पलटणींत शिरकाव नव्हता. दोघांची गाठ घालून देणारा जो दुवा हवा होता, तो हा मराठी तरुण झाला. टिळक १९०६ मध्ये शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्यास आले होते, आणि सखाराम गणेश देऊस्कर यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून महाराष्ट्र व बंगाल यांना एकमेकांच्या जवळ आणले होते. तो जिव्हाळा व्याख्याने व ग्रंथ यांत होता. पिंगळे यांनी तो प्रत्यक्ष कृतीत उतरविला. परप्रांतात गेलेल्या मराठी माणसाने आपली भाषा टिकवावी, हे आपण नेहमी म्हणतो. दोन परक्या प्रांतांची मने जुळविण्याचे काम करून दाखविणारा हा आपला पूर्वसूरी त्याहून अवघड कामगिरी करून गेला.

बंडासाठी २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला होता. फितुरीचा संशय येताच तो १९ तारखेवर आणला. पण कृपालसिंग नावाच्या हेराने तीही बातमी पोलिसांस पोहोचविली. धरपकड झाली. रासबिहारी पुढे जपानला निसटले. पिंगळे यांनी मात्र पलटणी फिरविण्याचा नाद सोडला नाही. मार्च १९१५ मध्ये मीरत येथे १२ व्या घोडदळाच्या छावणीत ते बाँबच्या पेटीसह पकडले गेले. लाहोरच्या खटल्यात प्रथम २४ जणांस फाशीची शिक्षा झाली. त्यांतील १७ जणांची जन्मठेपेत बदलली गेली. उरलेले सात जण १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले. त्यांत १९ वर्षांचे कर्तारसिंग सराभा होते आणि तिशीही न गाठलेले विष्णु गणेश पिंगळे होते.

तिकडे पॅसिफिकच्या पलीकडून कलकत्त्याकडे शस्त्रे आणण्याचा उद्योग चालूच होता. जर्मन वकिलातीच्या पैशाने अमेरिकेत ८,००० हून अधिक बंदुका खरेदी झाल्या. त्यांतील बहुतेक स्पॅनिश युद्धाच्या वेळच्या जुन्या बंदुका होत्या. ज्या पिढीच्या हत्यारांनी फिलिपिनो बंड मोडले, त्याच पिढीची हत्यारे हिंदी बंडासाठी निघाली होती. ‘ॲनी लार्सन’ या गलबताने ती मार्च १९१५ मध्ये सॅन डिएगोहून निघाली. मेक्सिकोजवळच्या एका ओसाड बेटाशी ‘मॅव्हरिक’ या तेलवाहू जहाजाने ती घ्यावयाची आणि पुढे सुंदरबनच्या रायमंगल खाडीत पोहोचवावयाची, असा बेत होता. दोन जहाजांची गाठच पडली नाही. ‘ॲनी लार्सन’ भटकत जूनअखेर वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यास लागले आणि माल जप्त झाला. ‘मॅव्हरिक’ रिकामेच जावाला पोहोचले. इकडे शस्त्रांची वाट पाहत असलेले बाघा जतीन ९ सप्टेंबर रोजी बालासोरजवळ पोलिसांशी लढताना घायाळ झाले आणि दुसऱ्या दिवशी वारले. शस्त्रांच्या व्यवस्थेसाठी बटेव्हियास गेलेले त्यांचे सहकारी नरेंद्रनाथ भट्टाचार्य फिरत फिरत १९१६ मध्ये अमेरिकेस पोहोचले आणि तेथे त्यांनी मानवेंद्रनाथ रॉय हे नाव घेतले.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या बाजूने उतरली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे गदरच्या लोकांवर व जर्मन अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. अमेरिका तटस्थ असताना तिच्या भूमीवरून मित्रराष्ट्राविरुद्ध मोहीम आखली, असा आरोप होता. कायद्याच्या दृष्टीने तो आरोप खोटा नव्हता. तटस्थ राष्ट्रास आपल्या बंदरांतून परभारे युद्ध चालू देता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण पुरावा गोळा करण्यात इंग्रज हेरखात्याचा केवढा हात होता, हेही विसरता येत नाही. २४ एप्रिल १९१८ रोजी, खटल्याच्या अखेरच्या दिवशी, रामचंद्र या पुढाऱ्यावर त्यांच्याच एका सहआरोपीने भर न्यायालयात गोळी झाडली आणि त्या मारेकऱ्यास पोलीस अधिकाऱ्याने तेथल्या तेथे ठार केले. त्याच जानेवारीत अध्यक्ष विल्सन यांनी आपली चौदा कलमे जाहीर केली होती. विल्सन यांच्या वाणीवर विश्वास ठेवून मद्रासचे सर सुब्रह्मण्य अय्यर यांनी हिंदुस्थानच्या स्वराज्यासाठी त्यांना पत्र पाठविले होते. शांतता परिषदेत त्या तत्त्वांची व्याप्ती युरोपापुरतीच राहिली.

इतकेच नव्हे, तर १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागातील लोकांस अमेरिकेचे दार बंद झाले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या दाव्यात हिंदी माणूस नागरिकत्वास पात्र नाही असा निवाडा दिला. थिंद यांनी महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात चाकरी केली होती. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः अमेरिकन नागरिक झालेले हिंदी गृहस्थ. या निवाड्यानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला. तो मात्र त्यांनी लढवून जिंकला. त्या काळात खानखोजे यांनी मेक्सिकोचा आश्रय घेतला होता. इराणच्या मोहिमेतून बचावलेला हा क्रांतिकारक १९२४ पासून चापिंगो येथील कृषिविद्यालयात मका आणि गहू यांच्या सुधारित जातींवर संशोधन करू लागला. अमेरिकेने न दिलेला मान त्यांना तिच्या शेजारच्या देशात मिळाला. चित्रकार दिएगो रिवेरा याच्या भित्तिचित्रातही त्यांना स्थान आहे. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास परतले आणि १९६७ मध्ये वारले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका स्वतःच कलकत्त्यास आली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर, मार्चमध्ये रंगून, मे १९४२ मध्ये फिलिपाईन्स, असे एकामागून एक आघात झाले. ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता तुटला. चीनला रसद पोहोचवावयाची तर कलकत्त्याचे बंदर, आसामचा लोहमार्ग आणि हिमालयावरून उडणारी विमाने एवढीच वाट उरली. खिदिरपूरच्या गोद्यांत अमेरिकन माल उतरू लागला, चौरंगीवर जीपगाड्या धावू लागल्या. मार्च १९४४ मध्ये कटिहारपासून लेडोपर्यंतच्या ८०४ मैल लोहमार्गाची वाहतूक अमेरिकन सैन्याने आपल्या हाती घेतली. युद्ध संपेपर्यंत विमानांनी सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये नेला. विमानांस लागणारे इंधन आसामात नेण्यासाठी जी नळवाट अमेरिकन अभियंत्यांनी घातली, तिचा आरंभ बजबज येथून होता. ज्या किनाऱ्यावर १९१४ मध्ये पॅसिफिकहून परतलेल्या मजुरांचे रक्त सांडले, त्याच किनाऱ्यावर तीस वर्षांनी अमेरिकन विमानांसाठीचे तेल उतरू लागले.

याहून विलक्षण योग खरगपूरला जुळून आला. तेथील हिजली येथे १९३० मध्ये राजबंद्यांसाठी तुरुंगछावणी उघडली होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोन बंदी ठार झाले आणि त्याच्या निषेधासाठी कलकत्त्यात खुद्द रवींद्रनाथ सभेस उभे राहिले. १९४२ मध्ये छावणी रिकामी झाली, आणि मग ती अमेरिकन बाँबफेकी दलाचे ठाणे बनली. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी येथील धावपट्ट्यांवरून बी-२९ ही प्रचंड विमाने उडू लागली. ५ जून १९४४ रोजी त्यांचा पहिला हल्ला बँकॉकवर झाला. दहा दिवसांनी चीनमार्गे जाऊन त्यांनी जपानमधील यावाताच्या पोलाद कारखान्यावर बाँब टाकले.

हे सारे सामर्थ्य ज्या बंगालच्या भूमीवर उभे होते, तेथे १९४३ साली दुष्काळाने थैमान घातले होते. सरकारी चौकशी समितीने १५ लाख मृत्यू मानले. पुढील अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या घरात जातो. दुष्काळाचे मुख्य उत्तरदायित्व इंग्रज सरकारचे, हे निर्विवाद. परंतु एप्रिल १९४४ मध्ये खुद्द चर्चिल यांनी हिंदुस्थानात गहू आणण्यासाठी रूझवेल्ट यांजकडे जहाजे मागितली, तेव्हा युद्धाच्या गरजेचे कारण सांगून रूझवेल्ट यांनी ती नाकारली. कलकत्त्याच्या धक्क्यावर येणाऱ्या जहाजांत तोफा, मोटारी आणि तेल यांना जागा होती. याच काळात रूझवेल्ट यांचे दिल्लीतील प्रतिनिधी विल्यम फिलिप्स हे हिंदुस्थानास स्वातंत्र्याचे वचन द्यावे, असे आपल्या अध्यक्षांस कळकळीने लिहीत होते. फेब्रुवारी १९४३ मधील उपोषणाच्या वेळी गांधीजींची भेट घेण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती इंग्रजांनी दिली नाही. आणि मित्र दुखावेल म्हणून रूझवेल्ट यांनी तो प्रश्न ताणला नाही.

या सर्व हकीकतीवरून अमेरिकेला दांभिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते इतिहासाला धरून होणार नाही. फिलिप्सही अमेरिकनच होते आणि मार्क ट्वेनही. १९४६ मध्ये त्याच देशाने फिलिपाईन्सला स्वातंत्र्य दिले आणि हिंदी लोकांना, वर्षास शंभर जणांच्या तुटपुंज्या मर्यादेत का होईना, पुन्हा प्रवेश व नागरिकत्व दिले. आमचे म्हणणे एवढेच की एखाद्या राष्ट्राच्या तत्त्वांची खरी कसोटी त्याच्या सनदांत लागत नाही. ती तत्त्वे खरी मानून जे परके लोक त्याच्या दारी येतात, त्यांच्याशी ते कसे वागते यात लागते. पंजाबी मजुरांनी व पिंगळे-खानखोज्यांसारख्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेची तत्त्वे खरी मानली आणि त्यांची किंमत स्वतः मोजली. हीच कसोटी आता स्वतंत्र भारतालाही लागू आहे, हे आम्हां सरकारी नोकरांनी तर कधीच विसरू नये. कारण दारी आलेल्या माणसाची राष्ट्राशी पहिली गाठ बहुधा आमच्याच मेजापाशी पडते.

कलकत्त्याने आपला अभिप्राय आपल्या पद्धतीने नोंदविला आहे. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, हॅरिंग्टन स्ट्रीटचे नाव बदलून हो ची मिन्ह सरणी करण्यात आले. अमेरिकेची वकिलात त्याच रस्त्यावर असल्याने तो पत्ता तिला आजतागायत लिहावा लागतो. हिजलीच्या तुरुंगात १९५१ साली देशातील पहिली तंत्रविद्येची भारतीय संस्था उघडली. यंत्रशास्त्राचे शिक्षण घेण्यासाठी तळेगाव ढमढेरेच्या एका मुलाला १९११ मध्ये सिॲटल गाठावे लागले होते. आज महाराष्ट्रातील मुले त्याच शिक्षणासाठी खरगपूरला येतात. सुटीत घरी जाताना ती कलकत्त्यावरून जातात. त्यांतल्या एखाद्याला कोणी मराठी गृहस्थ बजबजचे स्मारक दाखवील आणि पिंगळे या शहरात उतरले होते हे सांगेल, तर या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.